बर्फसरांनी मत बदललं

सरांनी गटाराचं पाणी बोटानं चाखलं, तेव्हा त्यांची लेक पायरीवरून किंचाळली.

"बाबा! अहो, गटार आहे ते!"

सरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी बोट पुन्हा बुडवलं, जिभेला टेकवलं आणि डोळे मिटले. हयातभर त्यांनी कॉलेजात दगड शिकवले होते. दगड हातात आला की आधी त्याला जीभ लावून बघायची, ही त्या विद्येतली जुनी खोड. त्यामुळे जगात चाटावं काय आणि चाटू नये काय, हा भेद सरांच्या लेखी केव्हाच पुसला गेला होता. बायको म्हणायची, तरी बरं, मला पसंत करताना नुसतं बघितलं.

पाणी खारट होतं.

आभाळ स्वच्छ होतं, पाऊस नव्हता, कुठे नळ फुटला नव्हता. तरी रस्त्यावर घोटाभर पाणी होतं आणि ते गटारात जात नव्हतं, गटारातून येत होतं. रस्त्याच्या टोकाला बंधारा होता, बंधाऱ्यापलीकडे समुद्र. लोक पँटी दुमडून, बूट हातात धरून कामाला निघाले होते. बूट ही मुळात हातात धरायचीच वस्तू असावी, इतक्या सहजपणे.

"हे कधीपासून येतंय?" सरांनी विचारलं.

"येतं हो भरतीला अधूनमधून. जातं परत," लेक म्हणाली. "आणि तुम्ही काय विचारताय? तुम्हीच नाही का सांगितलंत, समुद्र आपल्या जागेवर आहे म्हणून?"

सांगितलं होतं खरं. एकट्या लेकीला सांगितलं असतं तर घरातल्या घरात निस्तरता आलं असतं. सरांनी ते टीव्हीवर सांगितलं होतं.

त्याचं असं झालं होतं. सर निवृत्त झाले त्या वर्षी एका वाहिनीला तापमानवाढीवरच्या चर्चेसाठी दुसऱ्या बाजूचा माणूस हवा होता. पहिल्या बाजूला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई तयार होत्या, दुसरी बाजू मिळेना. पाहुणे गोळा करणाऱ्या मुलीनं कुणाकडून तरी सरांचा नंबर मिळवला आणि तापमानवाढीबद्दल आपलं मत काय, असं विचारलं. त्या दिवशी सरांचा गीझर बंद होता. "कसली डोंबलाची तापमानवाढ?" सर ओरडले. "इथे सकाळपासून अंघोळ खोळंबलीय!" मुलगी म्हणाली, "उद्या गाडी पाठवते."

अशा रीतीनं सर तज्ज्ञ झाले.

आणि बोलण्यात ते वस्ताद निघाले. बाई आकडे सांगायच्या, "शक्यता आहे" म्हणायच्या, "अजून अभ्यास हवा" म्हणायच्या. सर एक काचेचा ग्लास काढायचे. त्यात बर्फाचे खडे, वर काठोकाठ पाणी. "बर्फ वितळेल आणि समुद्र वाढेल म्हणतात ना? बघू या!" चर्चा संपेपर्यंत बर्फ वितळायचा आणि ग्लासातून थेंबही सांडायचा नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. लोकांनी त्यांचं नाव बर्फसर ठेवलं. तरंगणारा बर्फ वितळून पाणी वाढत नाही, हे अगदी खरं होतं. जमिनीवर डोंगराएवढा साठलेला बर्फ समुद्रात आला तर पाणी वाढतं, हेही सरांना ठाऊक होतं. पण तेवढं सांगायला टीव्हीवर वेळ कुठे असतो?

त्या ग्लासाच्या भरवशावर लेकीनं आणि जावयानं बंधाऱ्याजवळच्या वसाहतीत घर घेतलं होतं.

आता नगरपालिका म्हणत होती की वसाहत उंचावर हलवू, तिकडे घरं देऊ, फक्त रहिवाशांनी सभा घेऊन होकार द्यावा. सरांनी बोट रुमालाला पुसलं, आत येऊन बसले आणि म्हणाले, "होकार द्या. मी चुकलो होतो. इथून निघा."

जावई पायमोजे वाळत घालत होता. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, भरतीची बातमी होते. ओहोटीची कधी झालीय?"

सर थबकले. "वाक्य चांगलं आहे. कुणाचं?"

"तुमचंच."

"पण आता मी—"

"घाबरलेला माणूस पुरावा शोधत नाही, पळवाट शोधतो," लेक म्हणाली. "हेही तुमचंच. मला तर पाठ आहे सगळं."

सरांनी उत्तर शोधलं. सापडेना. ती वाक्यं त्यांनी स्वतःच, उत्तर सापडू नये अशा बेतानं घडवली होती.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरायची थांबली. "अख्ख्या संसारात एकदा चूक कबूल केली नाहीत. आता करायचीय तीही टीव्हीवर?"

"टीव्हीवर केली तरच लेक ऐकेल गं. माझं ती घरात कधी ऐकत नाही."

"ते मात्र खरं," बायको म्हणाली. "माझ्यावर गेलीय."

वाहिनीतल्या मुलीला मात्र त्यांचं म्हणणं पचेना. "म्हणजे सर, तुम्ही डावीकडे बसणार? पण डावीकडे बाई असतात. दोघं एकीकडे बसलात तर चर्चा कशी होणार?"

"नाही होणार. प्रश्न मिटला."

"सर, प्रश्न मिटला तर कार्यक्रमाचं काय?" ती कळवळून म्हणाली. मग तिनं विचार केला, आणि तिचा आवाज उजळला. "पण थांबा. तज्ज्ञाची पलटी! सर, हे भारी आहे. फक्त समोर कुणीतरी हवं. बघते मी."

सभेच्या आदल्या संध्याकाळी सर स्टुडिओत पोचले. मेकअपच्या खोलीत आरशासमोर बाई पर्स आवरत होत्या. इतकी वर्षं दोघं याच आरशासमोर शेजारी बसून तोंडाला पावडर लावून घेत आले होते. बाहेर भांडायचे, इथे गुडघेदुखीवर बोलायचे. सरांनी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाईंना आनंद होईल.

"इतकी वर्षं मी पुरावे आणून आणून खांदे दुखवून घेतले," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही गटाराच्या चवीवर पलटलात?"

"खारट होतं हो."

"माहितेय मला. मी मोजलंय ते." त्यांनी पर्सची चेन ओढली. "चला, निघते."

"निघता? आणि चर्चा?"

"एका बाजूला एकच खुर्ची असते, सर. तुम्ही डावीकडे आलात. तुम्ही पलटलात ती बातमी आहे, मी काही पलटले नाही. मला घरी जायला सांगितलंय." दारात त्या थांबल्या. "एक सांगू? विरोधात होतात तोवर तुम्ही निदान तज्ज्ञ होतात. सांभाळा."

सर आत गेले. उजवीकडच्या, म्हणजे आजवर त्यांच्या असलेल्या, खुर्चीत जावई बसला होता. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. समोर काठोकाठ भरलेला ग्लास.

"जावईबापू, तुम्ही?"

"त्यांनी विचारलं, बाबा. म्हटलं, परका कुणी येऊन तुम्हाला घालूनपाडून बोलेल. त्यापेक्षा घरचा बरा."

प्रेक्षकांत पहिल्या रांगेत लेक बसली होती. तिनं दोघांनाही हात केला.

पडद्यावर जावयाच्या नावाखाली पट्टी झळकली: 'समुद्रकाठचे निवासी तज्ज्ञ'. सरांच्या नावाखाली आली: 'माजी तज्ज्ञ'.

निवेदकानं सुरुवातच केली, "सर, तुम्ही तेव्हा खोटं बोलत होतात की आता?"

"तेव्हा चुकलो होतो."

"म्हणजे तुम्ही चुकता?"

"माणूस आहे."

"मग आता चुकत नसाल कशावरून?"

सर म्हणाले, "आता पुरावा आहे. पाणी रस्त्यावर येतंय, मी ते स्वतः चाखलंय." प्रेक्षकांत खसखस पिकली. निवेदकानं ती पिकू दिली, मग तो उजवीकडे वळला.

"तुम्ही तिथेच राहता. पाणी येतं?"

"येतं आणि जातं," जावई म्हणाला. "बाबा आमच्याकडे येतात आणि जातात, तसंच. म्हणून आम्ही घर सोडायचं का?" टाळ्या. "बाबांनीच मला शिकवलंय. हा बर्फ. हे पाणी. बर्फ वितळत आलाय. सांडला एक थेंब?"

हातवारे सरांचे होते. ग्लासाकडे वळण्याआधी घ्यायचा छोटा श्वासही सरांचाच. मनात नसताना सरांना वाटून गेलं, पोरगा छान करतोय.

मग ते भानावर आले. "तो तरंगणारा बर्फ आहे!" ते म्हणाले. "प्रश्न जमिनीवरच्या बर्फाचा आहे! थांबा, दाखवतो!" त्यांनी टेबलाखालच्या भांड्यातले बर्फाचे उरलेले खडे मुठीत घेतले आणि मूठ ग्लासाच्या वर धरली. "ही माझी मूठ म्हणजे जमीन. आता हा बर्फ वितळेल, थेंब ग्लासात पडतील, आणि बघा काय होतं ते!"

सगळे बघू लागले.

स्टुडिओत गारठा होता. बर्फ वितळेना. सरांची बोटं लाल झाली, मग पांढरी पडली. जमीन थरथरू लागली.

"सर, थोडं लवकर होईल का?" निवेदकानं विचारलं.

"ते सावकाशच होतं! तीच तर खरी अडचण आहे!"

"प्रेक्षकांनी नोंद घ्यावी, अजून काहीही झालेलं नाही," जावई अदबीनं म्हणाला.

मनगटाशी एक थेंब जमला, लोंबला, लांबला. लेक खुर्चीत पुढे सरकली. तिच्या कपाळावर आठी आली होती. लहानपणी गणित सुटायच्या बेतात असलं की अशीच यायची. सरांनी ती आठी पाहिली आणि मूठ आणखी आवळली.

"इथे घेऊ या छोटासा ब्रेक!" निवेदक म्हणाला. लेकीच्या मोबाईलची घंटी वाजली. ती मान खाली घालून बाहेर गेली.

थेंब पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला ग्लास ओसंडला आणि पाणी टेबलावर पसरत जाऊन निवेदकाच्या कागदांखाली शिरलं.

"हे बघा! बघा!" सर ओरडले.

"वायरी आहेत तिथे!" आतून कुणीतरी ओरडलं. एक माणूस फडकं घेऊन धावत आला, त्यानं टेबल लख्ख पुसलं, ग्लास बदलून नवा ठेवला आणि सरांच्या मुठीतला बर्फ काढून नेला. लेक परत येऊन बसली. ब्रेक संपला.

"आपण पाहत होतो," निवेदक म्हणाला, "सरांच्या प्रयोगात काहीच घडलं नाही."

कार्यक्रम संपल्यावर सर लेकीपाशी गेले. "सांडलं गं! ब्रेकमध्ये सांडलं! तू बाहेर होतीस!"

"हो बाबा," तिनं त्यांचा हात आपल्या ओढणीत गुंडाळला. "किती गार पडलाय हात. का करून घेता असं?"

"जावईबापू, तुम्ही पाहिलंत ना? सांगा तिला."

जावयानं मान खाली घातली. "पाहिलं, बाबा. पण टेबल जरा कललेलं होतं."

दुसऱ्या दिवशी सभेनं नकार दिला. सभेत जावयाच्या भाषणाला टाळ्या पडल्या, आणि वसाहतीनं त्याला अध्यक्षच करून टाकलं. आता घर सोडणं तर सोडाच, अध्यक्षाला पाण्यात बूट हातात धरून चालणंही शोभेना. तो भर भरतीत बूट घालून चालू लागला.

सर रोज फोन करत. लेक रोज म्हणे, "जेवलात का?" मग एकदा भरती खोलीत शिरली, गादी भिजली, आणि तेही लेकीनं नाही, जावयानं चुकून सांगितलं. सरांनी फोन ठेवला आणि माळ्यावरून ट्रंक काढली.

"तिला तिथून बाहेर काढता येत नाही," ते बायकोला म्हणाले. "मग मीच आत जातो. रात्रीबेरात्री पाणी आलं तर तिला उठवायला कुणीतरी जागं हवं."

"पोहता कुठे येतं तुम्हाला?"

"तुला तरी कुठे येतं?"

"मग चला," बायको म्हणाली आणि आपल्या साड्या ट्रंकेत भरू लागली. "दोघं आरडाओरडा करू. त्यात तरी आपण तरबेज आहोत."

टेम्पो वसाहतीत शिरला तेव्हा फाटकाशी वाहिनीचा कॅमेरा उभा होता. अध्यक्षांनी कळवलं असावं.

"सर, तुम्ही इथे राहायला आलात! म्हणजे धोका नाही?"

"धोका आहे म्हणूनच आलोय. माझी लेक इथे राहते."

"म्हणजे लेकीसोबत निर्धास्त वाटतं?"

"निर्धास्त कसलं? तुम्ही ऐकताय का मी—"

"धन्यवाद सर!" कॅमेरा ट्रंकेकडे वळला. ट्रंक बोलत नसल्यामुळे तिची मुलाखत जास्त चांगली झाली.

समोरच्या घरापुढे दुसरा टेम्पो उभा होता, सामानानं गच्च भरलेला. त्याच्यापाशी एक मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सगळ्या वसाहतीत त्या एकट्यांनीच निघायचं ठरवलं होतं, हे सरांना तेव्हा कळलं. त्या लगबगीनं रस्ता ओलांडून आल्या.

"सर, टीव्हीवर तुमची ती बर्फाची तडफड बघितली हो. म्हटलं, एवढा हात गोठवून घेतोय माणूस, खोटं कशाला बोलेल? मुलाकडे चालले होते मी कायमची."

"जा!" सर जवळजवळ ओरडले. "मावशी, ताबडतोब जा!"

मावशींनी सरांच्या ट्रंकेकडे पाहिलं. मग साड्या खांद्यावर टाकून आत निघालेल्या त्यांच्या बायकोकडे पाहिलं. मग मायेनं हसल्या.

"समजलं हो. चारचौघांत बोलावं लागतं तुम्हाला तसं," त्या हळूच म्हणाल्या आणि वळून आपल्या टेम्पोवाल्याला हाक मारली, "अहो, उतरवा सगळं! सर स्वतः राहायला आलेत!"

सर त्यांच्यामागे धावले. मावशींनी कपाटाचं एक टोक धरलं होतं. दुसरं टोक अधांतरी लटकत होतं आणि टेम्पोवाल्याचा पाय त्याखाली सापडायच्या बेतात होता. सर काही बोलणार, तेवढ्यात टेम्पोवाला ओरडला, "सर, धरा की!"

सरांनी धरलं.