खदानीवरचं बालोद्यान

गावाबाहेरच्या जुन्या खदानीत वीस वर्षं नगरपालिकेचा कचरा पडला, आणि तो टाकला झाडूवाल्या बनाबाईनं. कुठल्या कोपऱ्यात काय गाडलंय, ते ती डोळे मिटून सांगायची. त्रेसष्ट साली खदान भरली. तिच्यावर मुलांसाठी बाग करायचं ठरलं. उद्घाटनाला मंत्री येणार होते, हाती जेमतेम महिना होता.

ओव्हरसिअर शेषराव वरवर मुरूम पसरून घेत होते. बनाबाई टोपली ठेवून पुढं झाली.

"साहेब, निंबाखाली दवाखान्याच्या फुटक्या बाटल्या हायेत. दोन हात माती टाका. एक पावसाळा तिले बसू द्या, मंग पोरं सोडा."

"तुला कोणी विचारलं? तू टोपली उचल."

तिनं उचलली. फीत कापली गेली, निंबाखालच्या घसरगुंडीवर पोरांची झुंबड उडाली.

पावसात मुरूम वाहून गेला. श्रावणात मास्तरांची सात वर्षांची अन्नपूर्णा घसरगुंडीवरून उतरली ती थेट काचेवर. टाचेत काच घुसली, धनुर्वात झाला. दहाव्या दिवशी पोर गेली.

चौकशी बसली. "तिथं काच कोणी टाकली?"

"म्याच टाकली," बनाबाई म्हणाली. "तिथंच टाक म्हनून मले सांगतलं होतं. अन् माती टाका, हेबी म्याच सांगतलं होतं. इचारा या साहेबाले."

शेषराव खाली बघत म्हणाले, "माझ्या कानावर असं काही आलेलं नाही."

कागदावर तिचं पहिलं वाक्य तेवढं उतरलं. बनाबाईचं काम गेलं, बागेला कुलूप लागलं.

पंधरा दिवसांनी शेषराव तिच्या दारात उभे. "कुठं काय आहे, एकदा दाखव."

"जाऊ नका, आत्याबाई," सून रुख्मिणी म्हणाली. "काऊन जाता त्याच्या कामाले?"

"त्याच्यासाठी नाही जात व," म्हणत बनाबाईनं चुन्याचं डबडं घेतलं. दिवसभर फिरून तिनं सतरा ठिकाणी खुणा केल्या. त्यावर दोन हात माती पडली, ती वर्षभर बसू दिली. अहवालात लिहिलं गेलं: शेषरावांनी केलेली पाहणी. त्यांना बढती मिळून ते बुलढाण्याला गेले.

बाग पुन्हा उघडली त्या आठवड्यात मोताळ्याच्या बाजारात मास्तरांची बायको जनकाबाई समोर आली. भर गर्दीत ती थांबली.

"माझी पोर खाल्ली तू."

बनाबाईच्या ओठाशी सगळं आलं होतं. पण त्या बाईचे डोळे बघून तिच्यानं बोलवेना. पदर तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली, आणि लोक तिच्याकडे बघत बाजूनं जात राहिले.