चिरेची साक्ष

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढाच माझा जीव. पण मी कागदावर टेकलो, की त्या कागदाला त्याचा दिवस मिळतो. तारीख बदलता येणारा शिक्का मी, आता म्हातारा झालेला.

माझी चौकट लोखंडी आणि मूठ लाकडी. पोटात चार रबरी पट्टे आहेत: दोन तारखेच्या आकड्यांचे, एक महिन्यांचा, एक वर्षांचा. भोवती रबरी कडे, त्यावर एका पतसंस्थेचे नाव आणि 'आवक' हा शब्द. आवक म्हणजे तुमचा कागद आम्हाला मिळाला. वर्षांच्या पट्ट्यावर मात्र बाराच वर्षे कोरलेली होती. जन्मतःच निवृत्तीची तारीख ठाऊक असणारे माझ्यासारखे थोडेच!

माझे टेबल सांभाळणाऱ्या कारकुनांना सगळे घड्याळकाका म्हणत. रोज दहाला दहा कमी असताना ते येत, ओल्या फडक्याने माझे तोंड पुसत आणि तारीख पुढे फिरवत. दिवसाचा पहिला ठसा ते कुणाच्या अर्जावर कधीच मारत नसत. भिंतीवर संस्थेनेच छापलेले जाड कागदाचे कॅलेंडर होते. त्यातल्या त्या दिवसाच्या चौकोनात मला टेकवून बघत.

"चुकली तारीख तर कॅलेंडरची चुकेल," ते म्हणत, "माणसाची नको."

दुसऱ्याच वर्षी मला अपघात झाला. रोखपाल मागून ओरडला, "काका, चहात माशी!" काका दचकले, मी हातातून सुटलो आणि टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर आपटलो. 'आवक'मधल्या 'व'जवळ माझ्या कड्याला चीर पडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ठशात तिथे केसाएवढी तिरकी पांढरी रेघ उमटू लागली.

"काका, याला टाका पडलाय. नवा मागवा," रोखपाल हसला.

"नाव वाचता येतंय, तारीख वाचता येतेय. गालावर व्रण आहे म्हणून माणूस बदलतात का? आणि चहात माशी नव्हतीच, लबाडा!"

काकांनी मला ठेवून घेतले. पण मित्रांनो, त्या चिरेची मला पुढे दहा वर्षे लाज वाटत राहिली.

नवे वर्ष लागले की एक शिवणकाम करणारी बाई काकांकडे येई. सगळे तिला मावशीच म्हणत. कपडे बेतायचे कागदी नमुने करायला तिला जाड कागद हवा असे.

"काका, तुमचं सरलेलं वर्ष द्या. मला त्याच्या बाह्या करायच्यात."

काका भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून तिच्या हातात देत. त्यांचे शर्टही तिच्याच हातचे असत.

मावशीने संस्थेत सहा वर्षांची ठेव ठेवली होती. माझ्या बाराव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी, डिसेंबरच्या सतरा तारखेला ती अर्ज घेऊन आली: पुढच्या महिन्यात मुदत संपते, ठेव पुढे चालू ठेवायची नाही, पैसे परत द्यावेत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिची भाची कामावर जाण्याआधी वीस सुयांत दोरा ओवून त्या उशीवर टोचून ठेवी.

"वीस सुया संपल्या की माझा दिवस मावळतो, काका. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनला आता थांबू नका."

काकांनी अर्जाच्या दोन्ही प्रतींवर मला दाबले. एक फायलीत घातली, दुसरी तिला दिली. "ही जिवापाड जपा."

ते वर्ष सरले आणि माझ्या पट्ट्यावरची वर्षेही संपली. नवा शिक्का आला. मी खालच्या खणात गेलो आणि काका, ते शेवटचे कॅलेंडरही मावशीला देऊन, निवृत्त झाले. यापुढचे काही मी नंतर मावशीच्या दुकानात ऐकले, काही डोळ्यांनी पाहिले.

मुदत संपल्यावर मावशी पैसे मागायला गेली. पण संस्थेने वाटलेली कर्जे बुडाली होती, तिजोरीत खडखडाट होता. फायलीतली प्रत गायब होती, आणि व्यवस्थापक म्हणाले, "तुमचा अर्ज आलाच नाही. नियमाप्रमाणे ठेव आपोआप आणखी सहा वर्षं पुढे गेली." मावशीने तिची प्रत पुढे केली. त्यांनी शेजारी नवा शिक्का मारून दाखवला. "आमचा शिक्का हा असा, अखंड. हा चिरलेला कुठून पैदा केलात?"

ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या कपड्याची वीतभर चिंधीही लपवली नाही, तिला खोटारडी ठरवले गेले. आणि तेही माझ्या चिरेमुळे!

भाचीने ग्राहक मंचात तक्रार केली. काका साक्ष द्यायला तयार झाले. पण संस्थेचे वकील म्हणाले, "हे तर बाईंचं जुनं गिऱ्हाईक!" काकांचा शब्द तिथेच अडकला. तारखा पडत गेल्या. उशीवरच्या वीस सुया आता दुपारपर्यंतही पुरेनात, कारण निम्म्या मावशीच्या हातून जमिनीवर पडून हरवत.

एके दिवशी तिने भाचीला बाहीचा नमुना शोधायला सांगितले. भाची रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय, त्यामुळे कागदाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय तिला राहवेना.

"मावशी, ही कॅलेंडरं आहेत! अन् चौकोनाचौकोनात ठसे!"

"असतील बाई. मी कोऱ्या बाजूनं आखते, पुढं काय आहे ते कोण बघतंय? अन् बघितलं तरी मला काय दिसणार?"

भाचीने भिंग काढले. "एका ठशात रेघ दिसली तर म्हणता येईल, शाई लागली नाही. सव्वीस ठशांत त्याच जागी, तशीच तिरकी दिसली, तर ती शाईची नाही. ती शिक्क्याची."

त्या सतरा डिसेंबरचा चौकोन बाहीच्या गोलाईत अर्धा कापला गेला होता. पण 'व' आणि त्याच्या शेजारची माझी चीर उरलेल्या अर्ध्यात होती.

"म्हणजे आता बाह्या पुरावा देणार?" मंचात वकील म्हणाले. लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले, संस्थेने जुने-नवे सगळे शिक्के, नव्याचे बिल आणि त्या महिन्यात आलेले इतरांचे अर्ज आणावेत.

असा मी खणातून बाहेर आलो. नव्या शिक्क्याचे बिल मावशीच्या अर्जानंतरचे निघाले. इतरांच्या अर्जांवर जागोजागी माझीच चीर! अध्यक्षबाईंनी स्वतः माझी तारीख सतरावर फिरवली, मला शाईच्या गादीवर टेकवले आणि कोऱ्या कागदावर दाबले. मग मावशीची प्रत, बाही आणि तो कागद भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले. जन्मभर लपवावीशी वाटलेली माझी चीर तेव्हा सगळे वाकून वाकून बघत होते आणि माझी मान, मला असती तर, ताठ झाली असती.

"हा तुमचाच ना?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"हो... म्हणजे, जुना आहे," व्यवस्थापक पुटपुटले.

"कधीपर्यंत वापरात होता, ते त्याच्या पोटातच लिहिलंय."

मावशीला ठेव मिळाली, व्याज मिळाले, मनस्तापाची भरपाईही मिळाली. ते ऐकून आणखी अकरा ठेवीदारांनी आपापल्या प्रती शोधून काढल्या. त्यांच्याही कागदांवर मी होतोच!

संस्थेला मी आता नकोच होतो. काकांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले आणि नेताना माझीच पोचपावती लिहून दिली. मग मला मावशीच्या दुकानात, नमुन्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवले.

मित्रांनो, कुठल्याही खिडकीत कागद दिलात, तर आपल्या प्रतीवर शिक्का मागायला लाजू नका. तारीख तिथेच वाचा आणि ती प्रत सांभाळा. आणि एखाद्याला तडा गेला म्हणून त्याला लगेच टाकून देऊ नका. त्याची ओळख त्या तड्यातच असेल.

ऑपरेशननंतर डोळ्यांची पट्टी निघाल्यावर मावशी दुकानात आली. तिने सुई घेतली, दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. मग मला उचलून उजेडात धरले आणि माझी चीर पहिल्यांदा पाहिली.

"एवढीशीच होय रे!" ती म्हणाली.

भाचीने ओवलेल्या वीस सुयांची ती उशी आता सकाळी रिकामी असते, आणि तिच्या शेजारी मी रुबाबात बसलेला असतो.