तळं काळं झालं त्या दिवशी

“माझ्यामागं तुझं नाव परत घे. टाळू नकोस गं. शब्द दे.”

वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मृणालिनीनं त्यांचा हात धरून मान हलवली होती. दुखणाईत माणसाला नाही कसं म्हणायचं? आता वर्षश्राद्धही उलटलं. आज वहिनींची पहिली अविधवा नवमी. बाराला सवाष्ण जेवायला यायची होती. आणि मृणालिनी अजून तिथंच अडकलेली. नाव परत घ्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

माहेरी ती रश्मी. थोरल्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, त्याही रश्मीच. म्हणून चोवीस वर्षांपूर्वी, मुलुंडच्या याच घरात, ताम्हनातल्या तांदळात अंगठीनं ‘मृणालिनी’ उमटलं. एका घरात दोन रश्मी नकोत, असं सासूबाईंनी ठरवलं असणार, असंच ती धरून चालली होती.

वहिनींच्या फोटोपुढं त्यांची रामनामाची वही ठेवली होती. रोज एक पान लिहिल्याशिवाय त्या चहाला शिवत नसत. निम्मी वही कोरीच राहिली होती. दुपारी वहीचं विसर्जन करायचं ठरलं होतं.

फोन वाजला. पवईच्या ऑफिसातून तिच्या हाताखालचा केयूर.

“मॅडम, वाट लागली. गेममधलं तळं काळंकुट्ट दिसतंय. उद्या रिलीज आहे.”

“कालपर्यंत निळं होतं ना रे?”

“होतं. म्हणून तर डोकं फिरलंय.”

तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर पाणी, ऊन, सावली कशी रंगवायची हे सांगणारे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ही त्यांच्या ऑफिसची कामगिरी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ‘लाइट’ नावाचा एक प्रकार, म्हणजे माहितीचा साचा, बाहेर ठरवला होता आणि एका कंसाच्या आत त्याच नावाचा दुसरा. यंत्राला कंसातले प्रकार चालत नाहीत. म्हणून कंपायलर आतला प्रकार उचलून बाहेर आणतो आणि बाहेरच्याशी गल्लत नको म्हणून त्याचं नाव ‘लाइट-एक’ करतो. हा भाग तिनंच लिहून काल रात्री जोडला होता.

“प्रोग्रॅमच्या रचनेचं झाड दाखव. कंस मिटल्यानंतरच्या फांद्या.”

“इथंही लाइट-एकच आहे, मॅडम! इथं तर बाहेरचा लाइट हवा होता.”

तिला आपलीच चूक दिसली. कंस उघडला की नवं नाव लागू होत होतं. मिटला की ते थांबवायचं, हे तिनं लिहिलंच नव्हतं. तळ्याला भलत्याच लाइटचा हिशेब मिळत होता.

“कंस संपला की जुना अर्थ परत आण. दोन ओळींचं काम आहे.”

“मग आतल्यालाही त्याचं मूळ नाव देऊन टाकू का? त्याचा कंस तर संपला.”

“नको रे. कंस संपला म्हणून तो प्रकार पुसला जात नाही. बाहेर आता दोघंही एकाच फाइलमध्ये...”

“रश्मी, पाट मांड गं!” स्वयंपाकघरातून हाक आली.

“ओ...” मृणालिनीच्या तोंडून निघून गेलं.

आत झाऱ्याचा आवाज थांबला.

“मॅडम? काय झालं?”

“काही नाही. तू दुरुस्त करून चालवून बघ.”

ती आत गेली. सासूबाई कढईसमोर नुसत्या उभ्या होत्या. भरडाचा वडा तेलात लाल होऊन चालला होता. तिनं गॅस बारीक केला.

“मेली सवय,” सासूबाई म्हणाल्या. “तिला हाक मारली मी. आणि ओ तू दिलीस.”

“आई, वहिनींनी शब्द घेतलाय. तुझं नाव परत घे म्हणाल्या. मला कळतच नाहीये. त्यांचं नाव आहे ते. तुम्ही बदललंत ते बरोबरच होतं.”

“मी?” सासूबाईंनी वळून पाहिलं. “अगं, मी नाही बदललं. मोठी रश्मी, धाकटी रश्मी म्हणून हाका मारल्या असत्या. थोरलीच रडली. म्हणाली, घरातलं सगळं वाटून घेईन, नाव नाही. पोरवय होतं गं. मग मलाही तिचं मन मोडवेना.” त्यांनी वडा काढला, निथळू दिला. “पण मृणालिनी म्हणून तिनं कधी हाक मारली तुला?”

मृणालिनी आठवत राहिली. ‘अगं’, ‘ऐक गं’, ‘इकडं ये गं.’ नाव एकदाही नाही. चोवीस वर्षं ती याला माया समजत होती. मायाच होती का? की दुसरंच काही?

“मी रश्मी झाले तर चालेल तुम्हाला?”

“मला नाही ठाऊक. कुणाला हाक मारतेय ते माझं मलाच कळायचं नाही.” सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. “गोंधळ होईल. होऊ दे.”

बाहेर लॅपटॉपवर केयूरचा निरोप आला होता: तळं निळं झालं.

सवाष्ण यायला अजून घटकाभर होती. तिनं पाट मांडले, रांगोळीची रेघ ओढली, हात धुतले. मग फोटोपुढची वही उचलली. पुठ्ठ्यावर वहिनींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: रश्मी.

तिथं तिनं काही लिहिलं नाही; तिचंही नाव तेच होतं. वही उघडून वहिनींची शेवटची ओळ शोधली आणि तिच्याखाली पहिलं ‘राम’ लिहिलं.