बटण दाबल्यानंतर

आमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत माझी भाजी चिरून होते, कपड्यांच्या घड्या होतात, आणि त्यानं फारच आढेवेढे घेतले तर भांडीही जागेवर लागतात. नुसतं त्याचं तोंड बघत बसण्यापेक्षा हे बरं.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डबा उघडून आतली धूळ फुंकली.

"काका, मेमरी आणि डिस्क बदलू, नाहीतर सरळ नवा घ्या. काहीही केलंत तरी बटण दाबलं की चालू."

"लगेच?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काकू, डोळ्याचं पातं लवायच्या आत."

ही हात पुसत बाहेर आली. इतकी वर्षं ज्याला 'खोकं' म्हणत होती, त्याच्यावरून तिनं मायेनं हात फिरवला.

"चांगला चाललाय की. या वयात त्याच्या पोटाची चिरफाड कशाला?"

"अगं, माझं लिखाण अडतं."

"तुमच्या लिखाणावाचून कुणाचं अडलंय? भाजी मात्र अर्धीच चिरून झालीय."

मग तिनं दुरुस्तीवाल्याला बाजूला घेतलं.

"हे बघ, आहे त्याहून जरा हळू करता येत असेल तर तेवढं कर. माळा आवरायचा राहिलाय."