वन्संच्या चादरी आणि आमचा धूर

आमची बेकरी आणि वन्संची लाँड्री, मध्ये एकच भिंत. वर्षानुवर्षं वन्संनी गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घालायच्या, त्यांवर काजळी बसायची, आणि मग आमच्या दारात येऊन त्या धाकट्या भावाच्या नावाने खडे फोडायच्या. आमचे हे पिठाचे हात झटकत एकच पालुपद लावायचे, "ताई, आपली भट्टी धूर सोडतच नाही. वाऱ्याने पलीकडून येतो."

मग नवा कायदा आला. धूर सोडायचा तर परवाने हवेत. आजवर ज्याने जितका धूर सोडला, तितके परवाने त्याला फुकट. कमी पडले, तर ज्याच्याकडे उरलेत त्याच्याकडून विकत घ्यायचे. परवाना नाही तर भट्टीला कुलूप. झालं, यांनी रंगच बदलला! मिशीवर ताव देत गिऱ्हाइकांना सांगू लागले, "साऱ्या गल्लीत आपल्यासारखा धूर कुणाचा नाही!"

तपासनीस यायच्या दिवशी यांनी भट्टीत ओली लाकडं कोंबली. आमचं मांजरसुद्धा शिंकायला लागलं. तपासनीस डोळे पुसत म्हणाला, "आजचा धूर नव्या हिशेबात जातो, तो मिळणाऱ्या परवान्यांतून वजा होईल. मला आधीचा सांगा. साक्षीला शेजारी कोण?"

शेजारी म्हणजे वन्सं. काळी ठिक्कर पडलेली चादर खांद्यावर टाकून त्या दारात उभ्याच होत्या.

"ह्याची भट्टी? छे हो साहेब," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "धूर सोडतच नाही. वाऱ्याने पलीकडून येतो."

यांचं तोंड खर्रकन उतरलं. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने रचलेली भट्टी, तिला आता कुलूप लागणार. पण खोटं कशाला बोलू, मला हसू आवरेना.

तपासनिसाने पेनाला टोपण लावलं, तसे हे किंचाळले, "ताई, माझाच धूर! इतकी वर्षं तुझ्या चादरी मीच काळ्या केल्या!"

"अस्सं!" वन्सं म्हणाल्या. "लिहा साहेब. हा म्हणतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे."

परवाने मिळाले, पण ओल्या लाकडांनी त्यातले बरेच खाल्ले. वर्ष संपता संपता कमी पडले. वन्संकडे लाँड्रीच्या बंबासाठी मिळालेले उरले होते, आणि भाव त्यांनीच ठरवला. म्हणून हल्ली सुट्टीच्या दिवशी हे लाँड्रीत उकिडवे बसून चादरी घासतात.

"ढब्ब्या, कोपरे राहिले बघ!" वन्सं खुर्चीतून ओरडतात.

हे कोपरे घासतात आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुटपुटतात, "वाऱ्याने पलीकडूनच येतो."