धोंडिरामची शिवण

धोंडिराम म्हणजे माझ्या घरातला जुना लोड. घरात सोफा आला तेव्हा तो माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी माहुलच्या कोळीवाड्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना प्रथमोपचार शिकवायला जाऊ लागले. जखम बांधणं, भाजल्यावर काय करायचं, फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवायची नाही, हे सगळं एकमेकांवर करून शिकता येतं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचा सराव मात्र जिवंत माणसावर करता येत नाही. सरावाचा पुतळा मंडळाच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून मी घाटकोपरहून तो लोड बसमध्ये मांडीवर घेऊन आले. मुलांनी त्याला खडूने नाकडोळे काढले, जुना सदरा घातला आणि प्रितम नावाच्या आगाऊ मुलाने त्याचं बारसं केलं.

तेव्हापासून धोंडिराम दर रविवारी मरायचा आणि दर रविवारी उठायचा. आज हा कशाने गेला, हे प्रितम ठरवायचा. कधी शॉक लागून, कधी जिना चढून, एकदा तर दहावीचा निकाल बघून. मग एकजण त्याच्या खांद्याला हलवून हाक मारायचा, दुसरा फोन करायचा, तिसरा गुडघ्यावर बसून छाती दाबायचा आणि बाकीचे तीसपर्यंत मोठ्याने मोजायचे.

आमचं मोजणं चार घरं पलीकडे हरेश्वरभाऊंना ऐकू जायचं. ते दारापुढच्या ताडपत्रीखाली जाळी दुरुस्त करत बसलेले असायचे. गुडघे गेल्यामुळे होडीवर जाणं त्यांनी सोडलं होतं, पण अर्ध्या कोळीवाड्याची फाटकी जाळी त्यांच्याकडेच यायची. वर्ग संपवून मी बसथांब्याकडे निघाले की हातातलं काम न थांबवता ते विचारायचे, "बाई, वाचला काय धोंडिराम?" मी वाचला म्हणायचे. त्यावर ते म्हणायचे की नशीबवान आहे, एवढ्या वेळा मेलेला माणूस आम्ही पाहिला नाही.

त्यांची नात दिशा माझ्या वर्गात होती. तेरा वर्षांची, अंगाने दणकट, आजीबरोबर मासळीच्या पाट्या उचलून हात तयार झालेले. वर्गात सर्वात चांगलं दाबायची ती. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, सगळं वजन खाली. तिने दहाबारा वेळा दाबलं की लोडाची शिवण करकरायची. श्रावणातल्या एका रविवारी ती उसवलीच. आतली कापसासारखी शेवरी भसकन बाहेर आली आणि हॉलभर उडाली. मुलं हसून लोळली. धोंडिरामचा आत्मा गेला, असं प्रितम म्हणाला. पण ती शेवरी कॅरमच्या बोर्डावर बसली, मंडळाच्या मुलांनी कुरकूर केली आणि झाडू घेऊन मला आणि दिशाला अर्धा तास वाकावं लागलं.

मी शिवण घरच्या दोऱ्याने कशीबशी टाचली. त्यानंतर दिशा दाबायला बसली की मी म्हणायचे, "जपून गं."

या शब्दाचा मी तेव्हा विचारही केला नाही. पस्तीस वर्षं मी मुलांना तोच शब्द सांगत आले होते. जिना जपून उतर, वही जपून ठेव, गरम आहे, जपून पी. दिशा शहाणी मुलगी, तिने ऐकलं. ती जपून दाबायला लागली, तिचं बघून बाकीचेही. शिवण टिकली. मोजणी बिनचूक होती, हातांची जागा बिनचूक होती, आणि मला वाटायचं की वर्ग छान चालला आहे.

हरेश्वरभाऊंना या उसवण्याची गोष्ट दिशाने सांगितली असणार. पुढच्या रविवारी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले की तो तुमचा पेशंट इकडे आणा, जाळ्याच्या दोऱ्याने शिवून देतो. "वर बैल नाचला तरी उसवायचा नाय." मी हो म्हटलं. चार घरांचं अंतर होतं. पण माझी बस यायची वेळ झाली होती आणि पुढची चाळीस मिनिटांनी होती, म्हणून पुढच्या रविवारी आणते म्हणाले. पुढच्या रविवारीही तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी सकाळी हरेश्वरभाऊ जाळं मांडीवर असतानाच बाजूला कलंडले. मथुराताई, त्यांची बायको, बाजारात पाटी लावून बसल्या होत्या. दिशाची शाळा दुपारची, म्हणून ती घरात होती. पुढचं मला शेजारच्या नमिताने सांगितलं, त्याच संध्याकाळी, बातमी कळून मी गेले तेव्हा, अंत्यविधीहून माणसं परतल्यावर.

दिशाने सगळं केलं होतं. आजोबांना हलवून हाक मारली, छाती हलते का बघितलं, नमिताला एकशे आठला फोन करायला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाक्यावर गाडीला रस्ता दाखवायला पाठवलं. त्यांना फरशीवर सरळ झोपवलं आणि सुरुवात केली. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. तोवर अकरा मिनिटं गेली होती. त्या अकरा मिनिटांत पोरीने हात काढला नाही.

नमिता डोळे पुसत म्हणाली, "आणि काय मायेने करत होती, बाई. आज्याला दुखेल म्हणून इतकं जपून दाबत होती, फुलासारखं."

तिने ते कौतुकाने सांगितलं. मी मान हलवली. बसमध्ये बसल्यावर घाटकोपर येईपर्यंत मी मांडीवरची पिशवी तळव्यांनी दाबून बघत राहिले.

माणसाची छाती दोन इंच खाली जायला हवी. कधीकधी बरगडी मोडते, मोडली तरी थांबायचं नसतं. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी मुलांना सांगितलंही होतं. पण सांगितलेलं पुसलं जातं आणि सराव हातात राहतो, हे तर मी शिक्षिका म्हणून इतरांना ऐकवत आले होते.

सुतकाच्या दिवसांत भेटायला गेले तेव्हा दिशा मागच्या पडवीत एकटी बसली होती. मी जवळ बसले. तिने वर न बघता विचारलं, "बाई, खरं किती दाबायचं असतं?"

तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस केवढ्याने दाबतो, म्हणाली. "मी तर जपून दाबलं."

इथे मी चुकले, आणि ही चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले की तू सगळं बरोबर केलंस, बाळा, डॉक्टरही म्हणाले ना, झटकाच मोठा होता. ते डॉक्टर खरोखर म्हणाले होते. जोराने दाबलं असतं तर हरेश्वरभाऊ वाचले असते का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तिने ते विचारलंच नव्हतं. तिने विचारलं होतं, किती दाबायचं असतं. एवढ्या सोप्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर तीन रविवार दिशा वर्गाला आली नाही. मुलांनी धोंडिरामला बाहेर काढलं नाही, मीही काढायला सांगितलं नाही. आम्ही बँडेज बांधत राहिलो. कोणी मोठ्याने मोजत नव्हतं. जाताना मी मथुराताईंच्या दारावरून न जाता मागच्या गल्लीने बसथांबा गाठायचे.

मी स्वतःला समजावत होते की चूक माझी होती असं सांगायचं, तर चूक झाली हेही त्यात आलंच, आणि ते एवढ्या मुलीच्या डोक्यावर कशाला ठेवायचं. विचार करायला हे बरं वाटायचं. फक्त त्यात तिचं बरं किती आणि माझं किती, हे नीट दिसत नव्हतं.

चौथ्या रविवारी मी लोड काखेत मारला आणि ती चार घरं चालत गेले. मथुराताई दारात बोंबील निवडत होत्या. माझ्या काखेतला धोंडिराम बघून त्यांनी पाट सरकवला. दिशा बाहेर आली. मी लोड आमच्या मध्ये ठेवला आणि सदरा वर करून तिला माझे ते वेडेवाकडे टाके दाखवले.

मी म्हणाले, "दोन इंच दाबायचं असतं. जीव खाऊन. तुला ते येत होतं, गं. ही शिवण वाचवायला मी तुझे हात हलके केले."

हरेश्वरभाऊ शिवून देतो म्हणाले होते आणि मी बससाठी ते टाळलं, हेही सांगितलं. मथुराताईंचे हात थांबले. मग परत चालू झाले.

दिशाने टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग त्या दिवशी का नाय बोललात? मी महिनाभर हाच विचार करतेय की व्हिडिओ खोटा की बाई खोट्या."

मी म्हटलं, बाई खोट्या.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा आत निघून जाईल. ती आत गेलीच. मी मथुराताईंसमोर बसून राहिले. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गो बाय. त्याच्याकडचं काम सगळीच उद्यावर टाकायची. माझं पण एक राहिलंय." आणि त्यांनी पुढचा बोंबील उचलला.

दिशा परत आली तेव्हा तिच्या हातात आजोबांची जाळं शिवायची चपटी सुई होती. तिच्यावर हिरवा दोरा अजून गुंडाळलेला होता, मध्येच थांबलेल्या कामातला. तिने माझे टाके कात्रीने कापून टाकले, बाहेर आलेली शेवरी बोटाने आत कोंबली आणि शिवायला बसली. तिला फार चांगलं येत नव्हतं. दोनदा उसवून पुन्हा घातलं. माझी बस गेली, मग दुसरी गेली. शेवटची गाठ तिने दातांनी ओढून आवळली.

मग तिने लोड फरशीवर ठेवला, आजोबा कलंडले त्याच जागी, ताडपत्रीखाली, आणि गुडघ्यावर बसली. कोपरं ताठ केली आणि दाबायला लागली. मी मोजायला लागले. हॉलमधली मुलं समोर येऊन उभी राहिली होती, पाचच्या पुढे प्रितमने आकडा उचलला. दिशाच्या कपाळावरून घाम लोडावर पडत होता. हिरवी शिवण ताणली जात होती, उसवत नव्हती. तीस झाले, ती थांबली नाही. साठ झाले.

मथुराताईंनी बोंबलांची पाटी बाजूला सारली आणि तिच्याकडे बघत विचारलं, "वाचला काय गो?"

दिशाने मान वर केली नाही. म्हणाली, "अजून दाबतेय, आजी."