उजव्या बुटाचा डूख

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजवा. डोंगर चढण्यासाठी जन्मलो. बुटाला हात नसतो, तरी डूख धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. डावा माझा जुळा भाऊ, तो मवाळ. त्याचं सोडा.

घरातल्या थोरल्या मुलीने मला पहिल्या पगारातून घेतलं. प्रत्येक चढाईनंतर ती माझा चिखल ब्रशने काढायची, पोटात कागदाचे बोळे भरायची, सावलीत वाळवायची. मग एका वर्षी ती अंथरुणातून उठेनाशी झाली. ताप नाही, खोकला नाही, आजार मनाचा. पाहुणे आले की धाकटी बहीण तिच्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि सांगायची, "ताई गावाला गेलीय." कपाटाच्या तळाशी, मोडक्या छत्र्यांखाली पडून मी सगळं ऐकत होतो.

औषधांनी थोरली हळूहळू सावरली. तिकडे धाकटीने जाहीर केलं, की तिचं कुटुंब एका दिवसात तीन डोंगर चढणार आणि ओळखीपाळखीचे लोक मानसिक आरोग्य केंद्राला देणगी देणार. अट एकच: नाव दिलेला प्रत्येक जण शेवटच्या माथ्यावर पोचला पाहिजे. टी-शर्टवर छापून घेतलं, 'बोला, आम्ही ऐकतोय.'

"मीपण येते," थोरली म्हणाली.

"नको गं ताई. मध्येच रडायला लागलीस तर लोकांना काय सांगू?" असं म्हणत धाकटीने मला ओढून काढलं. "हे मात्र नेते. फोटोत शोभतील."

"ते नको नेऊस. इतकी वर्षं पडून आहेत, सोल सुटेल."

"झालं तुझं सुरू! तुला सगळं वाईटच दिसतं."

मित्रांनो, मी तेव्हाच ठरवलं.

पहिल्याच डोंगरावर फाटलो असतो, तर ती हसत घरी गेली असती. घाईच्या सुडाला चव नसते. डावा म्हणाला, "जाऊ दे रे." दोन डोंगर मी तिला फुलासारखं जपत नेलं. तिसऱ्याच्या शेवटच्या चढावर, माथ्यावर देणगीदार टाळ्या वाजवत असताना, मी सोल सोडला आणि आ वासला.

"अगं, तुझा बूट जांभई देतोय!" तिचा नवरा म्हणाला.

"मावशीने सांगितलं होतं," तिची लेक म्हणाली. "ऐकलं कुणी?"

तापलेल्या दगडांवर अनवाणी पाऊल टेकवेना. धाकटी रडकुंडीला आली. तेवढ्यात खालून थोरली येताना दिसली, परसात फिरायला निघाल्यासारखी. हातातल्या पिशवीत धाकटीचे स्वतःचे बूट.

"ताई, दे लवकर! सगळे बघताहेत."

"देते. आधी मी कोण, ते वरच्यांना सांग. आणि गावाहून आलेय म्हणू नकोस."

"आत्ता? इथे?"

"मग कुठे? ऐकताय ना तुम्ही? छातीवर तर लिहिलंय."

धाकटी ओरडली, "ही माझी ताई! ती गावाला गेली नव्हती. आजारी होती. मी लपवलं!"

टाळ्या थांबल्या. मग वरून एका म्हाताऱ्या देणगीदाराचा आवाज आला, "बाई, तुम्ही आधी वर या. माझा मुलगाही असाच गावाला गेलाय."

माथ्यावर थोरली सगळ्यांच्या आधी पोचली.

मोच्याने आम्हा दोघांना नवे सोल लावले. आता आम्ही पुन्हा तिच्याच पायांत असतो. मित्रांनो, बूट असो की माणूस, कपाटात कोंडून ठेवायचं आणि मिरवायच्या दिवशी बाहेर काढायचं, असं करू नका. धाकटीने माफी मागितली. थोरलीने दिली. डाव्याने तर मागायच्या आधीच देऊन टाकली.

मी दिलेली नाही. पुन्हा कधी तिने माझ्यात पाय घातलाच, तर तिची टाच आहे आणि मी आहे.